काडीवरच्या दोन खुणा

॥ श्री ॥

६ नोव्हेंबर २००६, सोमवार. मूर्तिजापूर.

सडा टाकताना आज परत जीपखाली काळे थेंब. मागच्या हप्त्यात सात-आठ होते, आज मोजले नाहीत. रांगोळी ओढली तर खालचं तेल रांगोळीतून वर आलं. ह्यांना हाक मारून दाखवलं. म्हणे, "जुनी गाडी हाय, गळणारच. माणूस नाई गळत काय म्हातारपणी?" पुसायला मलाच लागते, ते म्हणाले नाहीत.

दर्यापूरच्या चार फेऱ्या. बाजाराचे सीट, म्हणजे प्रवासी, कमी, दवाखान्याचे जास्त. यंदा कापसाच्या गोष्टी कोणी गाडीत काढत नाही.

पोथीचा एक अध्याय झाला. वाती वळून डबा भरला.

९ नोव्हें., गुरु.

उपास. अचलपूरहून दादाचा फोन. माहेरचा म्हणून धावत घेतला. "त्या खटाऱ्यात काय ठेवलं बाई? सुरतच्या एका मालकाले ट्रकवर ड्रायव्हर पाहिजे. एक डिसेंबरले गाडी अकोल्याहून निघते. जवाईबुवाले इचार." ट्रकवाला माणूस महिन्या-दीड महिन्यानं घरी येतो, ते पण आंघोळ करून परत जायला. ह्यांना सांगितलं. "पाहू," म्हणाले. त्यांचं पाहू म्हणजे नाही पण असते, हो पण असते.

मी दादाला म्हटलं, जीप चालते तोवर हे कुठं जात नाहीत.

११ नोव्हें., शनि.

जीप बंद पडली. माझ्यामुळे. जसं झालं तसं लिहिते.

मामेसासूला पाहायला दर्यापूरला जायचं म्हणून पुढच्या सीटवर बसले. गावाबाहेर पंपावर ह्यांनी गाडी उभी केली. "ऑइलचा डबा घेतो एक." मी म्हटलं, आज शनिवार, शनिवारी तेल विकत आणत नाहीत. "शनिवारी मारुतीले तेल चालते, जीपले काहून नाई?" मागचे सीट हसले. मी म्हटलं, वाहणं वेगळं, आणणं वेगळं. उद्या घ्या, एका दिवसानं काय होते? ह्यांनी डबा न घेताच चावी फिरवली.

लाखपुरीच्या अलीकडे ऑइल मीटरचा काटा पार खाली निजला. ह्यांनी काचेवर टिचकी मारली, म्हणे मीटर खराब आहे. थोड्या वेळानं खालून आवाज, पाट्यावर मिरचीसोबत खडा वाटल्यासारखा. मग जळका वास. मग काहीच नाही.

सीट दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिले. ट्रॅक्टरला दोर बांधून परत आणली. रस्ताभर हे दोराकडे पाहत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१२ नोव्हें., रवि.

रेल्वे फाटकाजवळ सलीमभाईचं गॅरेज. आमची गाडी दहा वर्षांपासून तेच पाहतात. त्यांनी इंजिनखालच्या टाकीचा नट खोलला. तिला चेंबर म्हणतात, सगळं ऑइल तिथं साचते. पाच लिटर पाहिजे, निघालं लोटाभर. त्या काळ्यात चांदीचा चुरा मिसळल्यासारखं चमकत होतं. "ये देखो भाभी, ये चमकता है ना, ये बेरिंग है. घिसून गेलं."

सलीमभाईनी ह्यांना विचारलं, पुंडलिकभाऊ, ऑइल कधी पाह्यलं होतं? "माझंच ध्यान नोयतं." शनिवारचं नाव घेतलं नाही. मी बाजूलाच उभी. मीही घेतलं नाही.

क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, वाचला म्हणतात. बेरिंग बदलून इंजिन बांधता येते, पण किती दिवस चालेल ते सांगत नाहीत. घरी आल्यावर हे म्हणाले, "भंगारात देऊ. दादाले हो म्हण."

१३ नोव्हें., सोम.

मी म्हटलं, बांधायची. दोनदा म्हटलं. शेवटी असं ठरलं की तीस तारखेपर्यंत इंजिन धड झालं तर जीप, नाहीतर सुरत. पैशाचं इथं लिहीत नाही, त्याची वही वेगळी.

दुपारी एकटी सलीमभाईकडे गेले आणि शनिवारचं सांगून टाकलं. वाटलं हसतील. हसले नाहीत. म्हणे, "भाभी, एक डबा टाकला असता तरी ऑइल वर चढलं नसतं. ऑइलचा पंप सुका होता. कुठंतरी रस्ता बंद हाय. खोलू तवा कळन."

हलकं वाटलं, पण पूर्ण नाही. डबा घ्यायला थांबलो असतो तर ह्यांनी बॉनेट उघडलं असतं. तेवढं तरी झालं असतं.

१५ नोव्हें., बुध.

सलीमभाईच्या हाताखाली माणूस नाही. मी विचारलं, सुटे भाग धुवायचे तर मी धुते. "ये आपका काम नहीं भाभी." मी म्हटलं, जन्मभर भांडी घासली, हे लोखंडाचं भांडं. परातीत डिझेल घेऊन बसले. समोरच्या चहावाल्यानं दुकानातून मान काढून पाहिलं. पाहू दे.

चेंबरच्या तळाशी एक जाळी असते. तिच्यातून पंप ऑइल ओढतो, मग फिल्टरमधून गाळून वर सगळीकडे पाठवतो. ती जाळी काळ्या लगद्यानं बुजली होती. सलीमभाई म्हणे, फडक्याचं सूत असेल. मी चिमटीत धरून ओढलं, डिझेलमध्ये धुतलं, परत ओढलं. रोज वाती वळणारी बाई आहे मी. फडक्याचं सूत नव्हतं ते. पिंजलेली सरकीबिगरची रुई. माझ्या डब्यातली.

१६ नोव्हें., गुरु.

पूजा झाल्यावर विचारलं. इंजिनात रुई कशी गेली?

हे बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत बसले. मग, "झाकण हरपलं." कोणतं? "ऑइल ओतायचं. दर्यापूरच्या स्टँडवर ओतलं, झाकण बॉनेटवर ठेवलं, सीट बोंबलत होते, तसाच निघालो. मग तुह्या डब्यातला बोळा कोंबला. दुसऱ्या दिवशी घेऊ झाकण म्हटलं."

कधीची गोष्ट?

"दसऱ्याच्या अगोदरची."

म्हणजे दसऱ्याला बॉनेट उघडून मी हळदकुंकू वाहिलं, हार घातला, ते त्या बोळ्यालाच. म्हटलं तसं. हे हसले. अकरा तारखेपासून पहिल्यांदा. मला हसू आलं नाही, मग आलं.

बोळा थोडा थोडा आत गळत होता आणि त्याच तोंडातून ऑइल बाहेर उडत होतं. अंगणातले थेंब तेच. एकानं झाकण लपवलं, एकीनं शनिवार.

१९ नोव्हें., रवि.

इंजिन बांधून झालं. नवीन बेरिंग, नवीन फिल्टर, खरं झाकण. पहिल्या चावीला नाही, तिसरीला सुरू. आवाज मऊ. सलीमभाईनी बजावलं: आठ दिवस चाळिसाच्या वर नाही, अर्धेच सीट, मग ऑइल बदलायचं.

मला काडी पाहायला शिकवली. लांब पट्टी, टोकाजवळ दोन खुणा. काढायची, पुसायची, परत पूर्ण घालायची, मग काढून पाहायची. ऑइल दोन खुणांच्या मध्ये पाहिजे. मी म्हटलं वरच्या खुणेच्या वर असलं तर आणखी चांगलं ना, कमी पडायला नको. म्हणे नाही, जास्त झालं तर आत फेस होतो, फेसानं बेरिंगला तेल पोचत नाही. जास्तीचं पण वाईट, हे मला पटायला वेळ लागला.

काडी रोज सकाळी मी पाहणार, असं घरी सांगितलं. "बाईनं बॉनेट उघडलं तं स्टँडवरचे हासतीन." हासू द्या. उघडीन तर अंगणातच, सड्याच्या आधी.

२२ नोव्हें., बुध.

काडी: मध्ये. खाली थेंब: एकही नाही. रांगोळी कोरडी.

पाच सीट घेऊन जातात म्हणून रांगेतले जीपवाले म्हणतात, "काय पुंडलिकभाऊ, वरातीची गाडी केली काय?" हे पाच सीट झाले की गाडी काढतात. त्यांना जड जाते, मला दिसते.

२५ नोव्हें., शनि.

काडी खालच्या खुणेजवळ. नवं इंजिन थोडं पिते म्हणतात. आज शनिवार. आंघोळ करून मारुतीला गेले, तेल वाहिलं, तिथंच उभं राहून सांगितलं की येताना एक डबा विकत घेणार आहे, जे काय असेल ते माझ्यावर. घेतला. अर्ध्यानं भागलं. ओतताना सांडलं थोडं. झाकण लावलं, वरून दोनदा दाबून पाहिलं.

२८ नोव्हें., मंगळ.

ऑइल बदललं. जुन्यात चमक नाही. पण दुसरीच गोष्ट निघाली. गाडी गरम झाली आणि उभी राहिली की मीटरचा काटा उतरतो. चालताना तीन घरं, उभी असताना एक, कधी एकाच्या खाली. सलीमभाई कान लावून बसले होते. "क्रँक जुना है भाभी. एकावर टिकला तं दोन-तीन साल चालन. खाली गेला तं बेरिंग पुन्हा खाईन. भरल्या गाडीनं लांब जाऊन पाहा, मग सांगता येईन."

हे रस्त्यात म्हणाले, "तू केलं तेवढं लय झालं." मला ते ऐकायचं नव्हतं.

३० नोव्हें., गुरु.

दादाचा फोन. ट्रक उद्या बारा वाजता अकोल्याहून निघणार, तो स्वतः स्टँडवर येणार. ह्यांनी पिशवी भरली. दोन शर्ट, दाढीचं सामान, देवीचा फोटो मागून घेतला. उद्या पूर्ण गाडी भरून अकोल्याला जायचं. काटा टिकला तर जीप घेऊन परत. नाही टिकला तर हे तिथूनच ट्रकमध्ये, जीप सलीमभाई येऊन आणतील.

मी पण येते म्हटलं. नाही म्हणाले नाहीत.

पोथी अर्धीच झाली. मन लागेना.

१ डिसेंबर, शुक्र. अकोला.

सकाळी काडी: वरच्या खुणेच्या थोडी खाली. दहा सीट, मी अकरावी. बोरगावपर्यंत काटा तीनवर. फाटकात गाडी उभी राहिली, दोन. मागून एक म्हातारा म्हणे, "बाई मीटरकडे पाहून राहिली का देवाकडे?" मी दोन्हीकडे पाहत होते.

स्टँडवर सीट उतरले. हे इंजिन बंद न करता बसून राहिले. गरम, उभं. काटा एकवर आला, थरथरला, किंचित खाली गेला, परत एकवर. तिथंच थरथरत राहिला. आवाज मऊच होता. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

दादा खिडकीशी. "काय जवाईबुवा, येता का नाई? ट्रक तिकडे उभा हाय."

मी चावी बंद केली. म्हटलं, दादा, दहा मिनिटं थांब, नुसत्या काट्यावरून ठरत नाही. चालत्या इंजिनचं ऑइल वर चढलेलं असते. सगळं खाली उतरू दे, मग काडी पाहते. किती प्यायलं ते कळल्याशिवाय मी बोलत नाही.

"ट्रक थांबते काय तुह्या काडीसाठी?"

"थांबन," हे म्हणाले. पिशवी सीटखालून काढली नाही, पायानं आत सरकवली.

हे गाडीतच बसून लिहिते आहे. बॉनेट उघडून ठेवलं आहे. फडकं मांडीवर. दादा हातातल्या घड्याळाकडे पाहतो आहे, हे पाहत नाहीत. सात मिनिटं झाली. अजून तीन.