‘सोलापूर पिक्स’ कुणाचे?

४ फेब्रु., दुपार
सुरेशभावजींच्या प्रदर्शनाची पत्रिका आली. तीही व्हॉट्सॲपवर, हातात द्यायची हिंमत कुठली. ‘सोलापूर पिक्स : सुरेश यांनी टिपलेलं शहर.’ टिपलेलं म्हणे! ह्यांनी उन्हातान्हात स्कूटर हाकत काढलेले फोटो आणि नाव धाकट्या भावाचं. हे गेले त्या महिन्यात ‘स्कॅन करून आणतो, वहिनी’ म्हणून निगेटिव्हचा डबा नेला. तीन वर्षं झाली. विश्वासाने दिला. गाढवपणा माझा.

५ फेब्रु.
प्राचीला विचारलं, पिक्स म्हणजे काय गं? म्हणाली, पिक्चर्सचं लहान रूप. अमेरिकेतल्या पेपरवाल्यांना मथळ्यात जागा पुरेना म्हणून शेपूट छाटलं, आता मोबाइलवर सगळेच म्हणतात. मी म्हटलं, अर्धवट माणसाला अर्धवट शब्द. तर पोरगी म्हणे, ‘आई, फोटो तरी कुठे पूर्ण आहे? फोटोग्राफचं अर्धंच की.’ खरंय. शब्दावरचा राग सोडला. भावजींवरचा आहे तिथेच आहे.

७ फेब्रु.
पत्रिकेवरचा फोटो मोठा करून पाहिला. विडी कारखाना सुटल्यावर घरी निघालेल्या बायका. कालपासून डोळ्यांत काहीतरी खुपत होतं. सगळ्यांचा पदर उजव्या खांद्यावर! निगेटिव्ह उलटी घालून स्कॅन केलीय. डार्करूममध्ये ह्यांच्या शेजारी वीस वर्षं उभी राहिले. चकचकीत बाजू कुठली, मंद कुठली, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. ज्याने तो क्षण पाहिला त्याच्या हातून असं होणार नाही.
प्राची म्हणते, फोन करून सांग. मुळीच नाही. चारचौघांत सांगणार.

९ फेब्रु.
सासूबाईंचा फोन. त्या भावजींकडेच असतात. ‘दोगंबी माजीच लेकरं. मेलेल्याला नाव कशाला लागतंय?’ मी म्हटलं, मेलेल्यालाच लागतं, जिवंत माणूस स्वतः भांडतो. त्यांनी फोन ठेवला. वाईट वाटलं, पण जरासंच.

१२ फेब्रु.
उद्घाटन झालं. विडीवाल्या बायकांच्या फोटोतल्या यल्लव्वाला शोधून रिक्षाने घेऊन गेले होते. पाहुण्यांचं कौतुक संपू दिलं. मग शांतपणे विचारलं, भावजी, ह्या बायकांचे पदर उजवीकडे कसे? ते हसले. तेव्हा तशी पद्धत असेल, म्हणाले.
यल्लव्वा पुढे झाली, भावजींकडे बोट केलं. ‘आमी असा पदर कवा घेतला? आन ह्ये कोण हायत? फोटू काढणारे दुसरेच होते, टक्कल पडलेले.’
भावजींच्या कपाळावर घाम. गोड लागलं मला. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू, लई गोड लागलं.

१३ फेब्रु., सकाळ
भावजी आले. डबा टेबलावर ठेवला. रात्रीतून सगळ्या फोटोंखाली ह्यांचं नाव लावलं म्हणे, मोबाइलवर दाखवलं. चहा विचारला नाही मी. जाताना दारात थांबले. ‘दादानं मला कधी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, वहिनी. एकदाबी.’
तेही खरं आहे. मला माहीत होतं, आणि मी कधी ह्यांना बोलले नाही. म्हणून काय चोरी करायची?
म्हणाले, ‘आता झालं ना?’ मी दार लावलं.

संध्या.
एका पेपरच्या वार्ताहराचा फोन. चोरीची पूर्ण हकिकत हवी, भावजींच्या फोटोसकट. उद्या बारापर्यंत सांगा म्हणतो. छापून आलं तर चिंचोळीच्या कारखान्यातली त्यांची नोकरीही डळमळेल, तिथल्या साहेबांनीच तर फीत कापली.
प्राची म्हणाली, आई, बाबांचं नाव लागलं की आता. हो, लागलं. मला वाटत होतं, तेवढंच हवंय.
वार्ताहराचा नंबर लिहून ठेवलाय.