शिळं पाणी

गुरुवार संध्याकाळ, बेव्हर्ली पार्क

काल पाणीखात्याचा मेसेज आला, उद्या पाणी बंद, साठवून ठेवा. निळा ड्रम काठोकाठ भरला. आज सकाळी दुसरा मेसेज: काम पुढे ढकललंय, पाणी येईल. मीच मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाईंनी लगेच ड्रम मोरीत आडवा केला. ताजं येणार असताना शिळं पाणी त्या ठेवत नाहीत.

संध्याकाळी नळाला थेंब नाही. खालच्या मजल्यावरच्या भाभींनी दोन कळशा दिल्या. म्हणाल्या, "हमने दूसरा मेसेज देखा ही नहीं." म्हणजे ज्यांनी खात्याचा दुसरा मेसेज वाचला नाही, त्यांच्याच घरी पाणी.

सासूबाई ड्रमाकडे बघत म्हणाल्या, "तू वाचलंस म्हणून ओतलं गं."

आत्ता तिसरा मेसेज आलाय. पाणी जपून वापरा.