कार्डाखालचं नाव

१६ नोव्हेंबर १९८७, सोमवार
सकाळी पोलिसांनी माझ्या पठ्ठ्याला, निसारला उचलला. तालमीतनं. अंगाला तांबडी माती तशीच! जीप बाहेरगावची. "पंजाब का मामला है" एवढंच बोलले. मी म्हणलं, आंघोळ तर करू द्या. एकानं मलाच ढकललं.
पोरगा गेल्या महिन्यात लुधियान्याला कुस्ती मारून आला, बास. तिथं काय करणार? सांजच्याला सोडतील.

१७ नोव्हेंबर
सोडला न्हाय.
कृष्णात हवालदार मागल्या दारानं आला. माझाच जुना पठ्ठ्या. म्हणला, "वस्ताद, निसार उतरलेला त्या लॉजवर धाड पडली. गादीखाली पोस्टाचं कार्ड घावलं. मराठी."
माझंच की! मीच धाडलेलं— पंजाबच्या गड्याला उठू द्यायचा न्हाय. पाच मिनटात ढाक लाव, आसमान दाखव. हितं चार पोरं तयार हायती, पुढच्या खेपंला पाठवतो. वाचून फाडून टाक. खाली— वस्ताद.
कुठला डाव मारायचा ते समोरच्या वस्तादाला कळू नये म्हणून फाडायचं. बेनं फाडतंय कुठलं! जपून ठेवलं.
"ढाक म्हंजे बॉम्ब असं लिवून घेतलंय त्यांनी."
मला हसू आलं. कृष्णातला न्हाय आलं. "मी सांगितलं, साहेब, कुस्तीतला डाव हाय. तर म्हणतोय, तुझे बहुत मालूम है!"

१९ नोव्हेंबर
नवा कायदा हाय म्हणं. टाडा. जामीन न्हाय. मोठ्या पोलीस साहेबाम्होरं कबूल झालं की तेच कोर्टात चालतंय. त्यांना एकच पायजे— वस्ताद कोण? कोल्हापुरात पेठंपेठंला वस्ताद! निसार नाव सांगंना.
कृष्णात म्हणला, "तळपायावर मारत्यात. काल उजव्या हाताची बोटं ठेचली."


२० नोव्हेंबर
निसारची आई आली. सुलतानबी. रडली न्हाय, बसली पण न्हाय. "वस्ताद, तुमी माती लावली त्याला. तुमीच सांगा, कार्ड कुणाचं?"
मी म्हणलं, मला काय ठावं?
सत्तरीच्या माणसानं असं बोलावं! "बरं," म्हणली. गेली.

२१ नोव्हेंबर
गल्लीत जीप थांबली की मागल्या खोलीत जाऊन बसतोय. दुधाच्या गाडीलाबी भ्यालो आज! ही वही चुलीत घालणार हुतो— कार्डावरचं अन् हितलं अक्षर एकच. हात धजला न्हाय.

२२ नोव्हेंबर
बास झालं. उद्या जातो. चार फटक्यात मरंन. पोरगा तरी सुटंल.

२३ नोव्हेंबर
चौकीवर गेलतो. म्हणलं, वस्ताद मी. कार्ड माझं. अक्षर काढून दाखवतो.
साहेब हसला. "बाबा, घर जाओ. वस्ताद मिल गया." हिंदीतला कबुलीचा कागद म्होरं धरला. कृष्णातनं हळूच वाचून सांगितलं— वस्ताद मीच, कार्ड मीच लिवलं. नाव निसारचं. म्हंजे पोरानं स्वतःलाच कार्ड धाडलं!
निसार मॅट्रिक पास हाय. खाली सही न्हाय. अंगठा.