गेंड्याचा उजवा कान

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या आठांपैकी सातच अंगं वाकतात. आठवं मनाने वाकलं आहे असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत औषध वेळेवर घालतेस ना? दिवसातून तीनदा घालायचं औषध तू सकाळीच तिप्पट घालून मोकळी होतेस, हे तू मागे फोनवर सांगितलंस, तेव्हापासून आईला दुसरा विषय सुचत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते सांगते आणि मग माझ्याकडे बघते, जणू मीच तुझ्या डोळ्यांत बाटली ओततोय. आमच्याकडे सगळे ठीक. तुझ्या सूनबाईचा खोकला गेला. पडद्यांचं दुकान बरं चाललंय. माप घ्यायला अजूनही मीच जातो. गेल्या महिन्यात एका घरी मी फार मन लावून खिडकीऐवजी भिंतीवरच्या आरशाचं माप घेऊन आलो. (आरशात समोरच्या घराची बाल्कनी दिसत होती. कुणीही फसलं असतं.) पडदा शिवून झाला, तो त्या लोकांनी आरशालाच लावला. आता त्यांच्याकडे पाहुणे आले की पडदा बाजूला सारून स्वतःला बघतात आणि म्हणे फार समाधानी होतात.

तर आत्या, इथवर मी नुसता घसा खाकरत होतो. या पत्रात पुढे एक विषय येणार आहे, जो तुझ्यासमोर काढायचा नाही असं मला कळायला लागल्यापासून घरात ठरलेलं आहे. बत्तीस वर्षांपूर्वी तू ज्या कार्टूनपटासाठी चित्रं काढलीस आणि जो पाच दिवसांत थिएटरांतून उतरला, तो गेंड्याचा सिनेमा. पत्र फाडायचं असेल तर तुझा अधिकार आहे. फक्त चष्मा लाव, शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

आमचं इथे एक मंडळ आहे, हे मी तुला सहा वर्षं सांगितलं नव्हतं. नाव ‘आपटी मंडळ’. जे कार्टूनपट सपशेल आपटले, त्यांच्यावर प्रेम करणारी आम्ही चार माणसं दर रविवारी सकाळी दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जमतो. चाललेल्या सिनेमांवर प्रेम करायला सगळं जग बसलंय, आपटलेल्यांना कोण आहे, असं डॉक्टर म्हणतात. ते मंडळाचे संस्थापक. दुसऱ्या भूगोलाच्या बाई, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून नोकरीत आहे. तिसरा लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याला आम्ही तळमजला म्हणतो, कारण कुठलाही सिनेमा कितीही उंच गेला तरी हा त्याला खाली आणतो. चौथा मी. आम्ही चहा पितो आणि भांडतो. सरळ चालू बघणाऱ्या एका खेकड्याच्या सिनेमावर आम्ही सलग तीन रविवार भांडलो आणि शेवटी वाद खेकड्यापासून निघून डॉक्टरांच्या चहात साखर कमी असते इथवर आला. पण गेंड्याचा सिनेमा कुणाला मिळत नव्हता आणि मी त्याबद्दल तोंड उघडत नव्हतो. घरची बंदी मी दवाखान्यातही पाळली, हे माझ्या बाजूने लिहून ठेव.

गेल्या महिन्यात तळमजल्याला तो सापडला. एका बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीच्या इमारतीत लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता, तिथल्या खोक्यात टेप होती. त्याने ती कुणाकडून तरी नीट करून आणली आणि रविवारी आम्ही लावायची ठरवली. पडद्यासाठी मी दुकानातून पांढरं अस्तर नेलं. प्रोजेक्टर ठेवायला टेबल पुरेना, म्हणून तो दातांच्या खुर्चीवर ठेवला आणि खाली कापसाच्या गुंडाळ्या लावून सरळ केला. सुरुवात होणार तेवढ्यात गालाला रुमाल बांधून बेकरीवाला आला. दाढ ठणकत होती, रविवार असूनही डॉक्टर हाकलणार कसे? पण खुर्चीवर प्रोजेक्टर. मग डॉक्टरांनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून इंजेक्शन दिलं आणि तिथेच दाढ काढली. (मी हातात बॅटरी धरली होती. मी अजिबात घाबरलो नाही. डोळे मिटले होते ते उजेड फार होता म्हणून.) आता अर्धा तास कापूस दाताखाली दाबून गप्प बसायचं, असं सांगून त्याला आमच्यात आणून बसवलं. अर्ध्या तासाचा तो बिचारा संपूर्ण सिनेमाभर बसला.

सिनेमा सुरू झाला. गेंड्याला शिवणकाम शिकायचंय आणि सगळे त्याला पहारेकरी करतायत, इथवर सगळं छान चाललं. मग तळमजल्याचा पाय खुर्चीच्या पेडलवर पडला. खुर्ची वर निघाली, गेंडा अस्तरावरून भिंतीवर, भिंतीवरून छतावर गेला आणि पंख्याच्या पात्यांवर गरगर फिरायला लागला. आयुष्यभर अडकलेल्या लिफ्ट खाली आणणाऱ्या माणसाला ती खुर्ची काही खाली आणता येईना. शेवटी बाईंनी प्लग काढला आणि त्याच्यावर एक रागाचा कटाक्ष टाकला, तो मला पाठीमागून सुद्धा जाणवला.

पुन्हा लावला. आणि मग तो शेवटचा प्रसंग आला. गेंड्याने आईसाठी शिवलेला कोट हातात धरलाय, धुक्यात पुलावर एकटा उभा आहे. अकरा सेकंद काहीच हलत नाही. धुकं नाही, पाणी नाही, कोट नाही. फक्त त्याचा उजवा कान.

दिवा लागला आणि डॉक्टर उभे राहिले. म्हणाले, की कार्टूनच्या इतिहासात यापेक्षा मोठे अकरा सेकंद कुणी काढलेले नाहीत. पूर्वी पाच दिवसांत ते तीनदा गेले होते, तिसऱ्या वेळी थिएटरात ते आणि डोअरकीपर दोघेच होते आणि डोअरकीपरही कानाच्या वेळी आत येऊन उभा राहिला होता. बाई म्हणाल्या, त्या चौथीच्या बेचाळीस मुलांना घेऊन गेल्या होत्या आणि नेमक्या याच जागी एका मुलीने मोठ्याने विचारलं होतं, “बाई, सिनेमा बंद पडला का?” सगळं थिएटर हसलं. (सगळं थिएटर म्हणजे त्यांचाच वर्ग.) बाईंचं म्हणणं, की हा सिनेमा त्यांना जिवापाड आवडतो, पण आवडतो म्हणून चांगला म्हणायचं नाही. मुदत संपत आली, काढणाऱ्यांचे हात थकले, म्हणून नुसता कान हलवून वेळ मारून नेली. तुम्ही आळसाला कला म्हणताय.

आळस हा शब्द मला झोंबला, आत्या. पण घरची बंदी आठवली आणि मी चहाचे कप गोळा करायला लागलो.

वाद चढत गेला. डॉक्टर म्हणाले, बाईंना नकाशातले डोंगर कळतात, मनातले नाहीत. आता तुला सांगायला हवं, की बाईंची नवी कवळी डॉक्टरच करतायत. वरची झाली आहे, खालची अर्धी आहे. बाईंनी वरची काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या (काय म्हणाल्या ते नीट कळलं नाही, कारण दात टेबलावर होते), की ही घ्या तुमची कवळी, मी आजपासून बिस्किटं चहात बुडवून खाईन, पण खालच्या दातांसाठी या पायऱ्या चढणार नाही. सहा वर्षांची मैत्री त्या टेबलावर दात विचकून पडली होती. तळमजल्याने मत मोजायची टूम काढली. तो बाईंकडे, मी घाबरून डॉक्टरांकडे. दोन विरुद्ध दोन. मग सगळ्यांचं लक्ष बेकरीवाल्याकडे गेलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टर म्हणाले, बघा, रडतोय. बाईंनी दात परत लावले आणि म्हणाल्या, दाढ काढलीये त्याची, हसेल का?

बेकरीवाल्याने कापूस बाहेर काढला. अर्धं तोंड अजून बधिर होतं, त्यामुळे एकेक शब्द तो कणीक तिंबल्यासारखा मळून बाहेर काढत होता. म्हणाला, “मला सिनेमातलं कळत नाही. पण तो गेंडा ऐकतोय ना? आईचा पाय वाजतोय का, ते?”

 मला वाटतं बत्तीस वर्षांत कुणी ते बोललं नव्हतं. आणि तिथे माझी बंदी सुटली. मी ओरडलोच, “तो कान माझ्या आत्याने काढलाय!”

तळमजल्याने शांतपणे टेप पुढे नेली आणि शेवटची नावं लावली. आम्ही एकेक नाव वाचलं. एकशे अठरा नावं आहेत, आत्या. रंग कालवणारे आहेत, इमारतीचा रखवालदार आहे, निर्मात्याच्या भाच्याचे ‘विशेष आभार’ आहेत (कशासाठी ते त्याला तरी ठाऊक असेल का?). तुझं नाव नाही. पुन्हा पाहिलं. तेव्हाही नाही. तळमजला म्हणाला, “घरात एक तरी कलाकार असावा असं सगळ्यांनाच वाटतं हो.” वाईट हेतूने नाही म्हणाला. पण माझे कान तापले.

आणि कान तापले तेव्हा आठवलं. तुला आठवतं? मी नऊ वर्षांचा, सुट्टीत तुझ्याकडे होतो. खालून दिवा लागणाऱ्या काचेच्या टेबलावर तू कागदावर कागद ठेवून बसायचीस. मोठे चित्रकार उभा कान आणि पडलेला कान काढून पाठवायचे, त्यांच्या मधले सगळे कान तुझे. शंभराहून जास्त. ते जमेनात, तेव्हा तू मला समोर स्टुलावर बसवलंस, कारण घराण्यात कान हलवता येणारा मी एकटा. तू म्हणायचीस, “हलव. थांब. परत हलव.” पेपरमिंटच्या एका पाकिटावर मी तीन दिवस कान हलवला.

मी सरळ अस्तरासमोर जाऊन उभा राहिलो, प्रोजेक्टरच्या उजेडात, आणि उजवा कान हलवला. एक्केचाळीस वर्षांचा, दुकानाचा शर्ट घातलेला माणूस. आधी टोक. मग थोडं थांबून सगळा कान मागे. मग पुढे येताना मध्येच अडकतो, तसा अडकून पुढे. (तो अडकतो कारण लहानपणी मी झोपाळ्यावरून पडलो होतो. टाका आहे तिथे.) माझ्या मागे, अस्तरावर, कानाची सावली गेंड्याएवढी. तळमजल्याने टेप मागे नेली. गेंड्याचा कान मध्येच अडकला. पुन्हा मी, पुन्हा गेंडा. बाईंनी चष्मा पुसून चार वेळा करायला लावलं. शेवटी हळूच म्हणाल्या, “थकलेला हात मुलाच्या कानातला टाका टिपत नाही. आळस म्हटलं ते मी मागे घेते.” आणि पाठोपाठ, “मधला नाचाचा भाग मात्र वाईटच आहे.” डॉक्टर म्हणाले, नाच वाईटच आहे. सहा वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदा एका वाक्यावर एकमत झालं. आणि मग दोघे मिळून तुझं नाव गाळणाऱ्यांवर असे तुटून पडले, की बेकरीवाल्याला भूल उतरल्याचं कळलंसुद्धा नाही. सगळ्यांचेच डोळे पाणावले होते. मी मात्र शांत होतो.

आत्या, तू त्यानंतर विमा कचेरीत चिकटलीस आणि कधी साधा पक्षीही काढला नाहीस. आम्हाला वाटलं, सिनेमा पडला म्हणून. नाव नव्हतं म्हणून, हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. आम्हीही विचारलं नाही. त्याबद्दल आम्हा सगळ्यांवरचा राग एकट्या माझ्यावर काढ, आणि तो काढून झाला की डोळ्यांत औषध घाल. एकाच वेळचं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुला, जी माझ्यासाठी दोन्हीत बसत नाहीस, खूप खूप प्रेम.

तुझा,
भाचा

ता. क. – पुढच्याच्या पुढच्या रविवारी सकाळी दहाला तू इथे येणार आहेस, असं मी मंडळाला सांगून बसलोय. त्यांनी विचारलं नव्हतं. बाईंनी खालची कवळी त्याच्या आधी पूर्ण करून मागितली आहे, तुझ्याशी स्पष्ट बोलता यावं म्हणून. डॉक्टर रोज उशिरापर्यंत तेच करतायत. तू आली नाहीस तर त्या दातांचं पुढे काय होईल सांगता येत नाही.

ता. क. दुसरा – खरं काम हे, आणि त्यासाठीच एवढं लिहिलं. तळमजला सिनेमाच्या शेवटी एक जादा पाटी जोडतोय, एकशे एकोणिसाव्या नावाची. माफी म्हणून त्याने स्वतःच ठरवलं. बाई ती फळ्यावरच्या अक्षरात लिहिणार आहेत. ‘उजवा कान’ एवढं लिहून झालंय, पुढची जागा कोरी आहे. तुझं नाव कसं लिहायचं ते कळव. माहेरचं, सासरचं, की नुसतं लहानपणी आजोबा हाक मारायचे ते? तुला हवं तसं. पोस्टकार्ड पुरे.

ता. क. तिसरा (ही मी सूनबाई, हे आंघोळीला गेलेत) – आत्या, नमस्कार. हे शांत होते असं यांनी लिहिलंय. डॉक्टरांनी यांना हाताला धरून घरी आणलं आणि बेकरीवाल्याचा रुमाल यांच्या हातात होता, अजून धुवून परत द्यायचाय. परवा मलाही तो सिनेमा दाखवला. खरं सांगते, रटाळ आहे, आणि कानाच्या बऱ्याच आधी मला झोप लागली. पण तुमची पाटी लागली की मी परत बसेन, आणि ती येईपर्यंत जागी राहीन. नाव तेवढं लवकर कळवा.