डाव्या हाताचा नियम

सीपरी बाजार, झाशी
१८ जानेवारी

प्रिय नीरजा,

अनेक आशीर्वाद. आधी हे वाच, की बकुळ ठीक आहे. ताप नाही, खोकला नाही, जेवणही बरं आहे. माझं पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "बरं, बाबा" म्हणतेस आणि मला पुढचं सुचत नाही. कागदावर निदान खोडता येतं. हा तिसरा कागद आहे.

इथे थंडी कडक आहे. धुक्यामुळे शाळा दहाला भरते. ऑटोवाला मुकेश चांगला माणूस आहे, पण तो येईपर्यंत मला काही घरात बसवत नाही. परतीच्या वेळी मी पुन्हा फाटकाशी उभा असतो. परवा तो हसून म्हणाला, "बाबूजी, बिटिया को तो हम पहुँचा देंगे, आपको कौन सँभालेगा? अंदर बैठो, ठंड लग जाएगी." बकुळ माझ्या गळ्यातला मफलर घट्ट करते आणि म्हणते, "आबा, आप टेंशन बहुत लेते हो." मराठी तिला सगळं समजतं, बोलायची वेळ आली की तोंडात हिंदी येते. त्याची मी काळजी करत नाही. बाकी सगळ्याची करतो.

जुलैत हृषीकेशरावांची भुसावळला बदली झाली आणि दहावीचं वर्ष म्हणून तुम्ही तिला माझ्याजवळ ठेवलंत. गाडी सुटताना खिडकीतून तू एकच गोष्ट सांगितलीस. जेवणाचं नाही, झोपेचं नाही. "बाबा, ती डाव्या हातानं लिहिते. तिला तसंच लिहू द्या. हे जमणार नसेल तर मी तिला आत्ता उतरून घेऊन जाते." मी हो म्हणालो. त्या शब्दाबद्दलच हे पत्र आहे, पण क्रमानं लिहितो, नाहीतर माझा गोंधळ होतो.

दिवाळीनंतर तिला विज्ञानात विजेच्या चुंबकीय परिणामाचा धडा सुरू झाला. मी आठवी नापास. आजवर तिच्या पुस्तकातलं मला काही कळलं नव्हतं, पण यातली चित्रं ओळखीची निघाली. तारेचं वेटोळं, मोटर. चौतीस वर्षं रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये मी मोटरींना तारच गुंडाळली ना! मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी बाजारातून एक होकायंत्र आणलं. तिनं अंगणात तार सुईवर धरली, टॉर्चचा सेल जोडला, आणि सुई झटकन फिरली. तार उलटी जोडली, तर सुई उलटीकडे. नीरजा, इतकी वर्षं मी तारा गुंडाळल्या, पण तारेतून वीज गेली की बाजूची सुई मान वळवते, हे डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. काम येत होतं, कारण ठाऊक नव्हतं. बकुळ हसून हसून दमली, कारण एवढ्याशा सेलचा शॉक लागेल म्हणून मी तिला रबरी चपला घालायला लावल्या होत्या. मग मी जुन्या खिळ्यावर तांब्याच्या तारेचे दोनशे फेरे गुंडाळून दिले. त्यानं टाचण्या उचलल्या. तो खिळा तिनं वर्गात नेला आणि आबांनी केला म्हणून सगळ्यांना दाखवला. मी दोन दिवस ताठ मानेनं चाललो.

मग नव्या वर्षात चाचणी झाली. तारेभोवती चुंबकीय क्षेत्र कोणत्या दिशेनं, ते उजव्या हाताच्या अंगठ्यावरून ओळखायचं असतं. ते सगळं तिचं बरोबर आलं. पण चुंबकाजवळची तार कुठे ढकलली जाईल, ते डाव्या हाताची तीन बोटं ताणून ओळखतात. ते चारही प्रश्न चुकले, आणि चारही बरोब्बर उलटे. शिकवणीचे विक्रम सर म्हणाले, "दादाजी, ये पेन बाएँ में पकड़ती है, तो उँगलियाँ दाएँ की तान लेती है. महीना भर बचा है, सीधे हाथ से लिखवाना शुरू कीजिए, सब ठीक हो जाएगा." सर वाईट नाहीत, त्यांना घाई होती. पण तुला दिलेला शब्द मला ठाऊक होता, त्यांना नव्हता.

घरी येईपर्यंत माझं डोकं भणभणलं. ती नापास होणार, तू म्हणणार बाबांकडे ठेवली म्हणून झाली. मी तिला सांगितलं, आजपासून उजव्या हातानं लिही. तिनं पेन उजव्या हातात घेतलं. तीन दिवस तिनं लिहिलं. पहिलीतल्या मुलासारखं अक्षर, एका पानाला एक तास. मी शेजारी बसून "छान, छान" म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी मी तिला दूध द्यायला गेलो. ती खुर्चीवर तिरकी बसली होती. डावा हात मांडीखाली दाबून ठेवलेला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "आबा, ये अपने आप उठ जाता है, इसलिए दबा लिया."

मी पेला तिथेच ठेवला आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

तू सहा वर्षांची होतीस. मोटरच्या तारांवर गुंडाळायची पांढरी सुती फीत मी शेडमधून घरी आणायचो. ती तुझ्या मनगटाला आणि फ्रॉकच्या पट्ट्याला बांधायचो. अभ्यास झाला की सोडायचो. घट्ट बांधत नव्हतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तुझी आई एकदाच म्हणाली, "सोडा हो, लेकराला." मी म्हणालो, लोक हसतील, सासरी कोण डाव्या हाताचं वाढलेलं खाईल. दोन महिन्यांत तू उजव्या हातानं लिहायला लागलीस आणि मी शेडमध्ये पेढे वाटले.

आणि तुझी दहावीची तोंडी परीक्षा. तुझे मास्तर मला बाजारात भेटून म्हणाले होते, "बिटिया से बाएँ हाथ का नियम पूछा, उसने हाथ ही नहीं उठाया. पीछे किए खड़ी रही." मी घरी येऊन तुला वाटेल ते बोललो. एवढंही येत नाही, बापाचं नाव घालवलंस. तू ऐकून घेतलंस आणि पुढे विज्ञान घेतलं नाहीस. नियम तुला येत होता, हो ना? हात वर करायचा धीर नव्हता. हे मला पंचवीस वर्षांनी, त्या पायरीवर बसल्यावर कळलं. मी मूर्ख माणूस आहे, नीरजा. वीज कुठून कुठे जाते ते मला समजायचं, पण पोरीच्या मनातलं समजलं नाही.

त्याच संध्याकाळी मी बकुळला म्हटलं, डाव्या हातानंच लिही. फक्त हा प्रश्न आला की आधी पेन खाली ठेव, मग डाव्या हाताची बोटं ताण. बस्स, एवढंच होतं. काल तिनं वीस प्रश्न सोडवले, वीसही बरोबर. एवढी साधी गोष्ट मला आधी का सुचली नाही? कारण घाबरलो की मला बांधण्याखेरीज काही सुचतच नाही.

इथेच थांबलो असतो, तर तुला कळलंही नसतं. पण रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी दाराआड होतो. तू तिला विचारलंस, आबा लिहिण्यावरून काही म्हणत नाहीत ना? ती म्हणाली, "नहीं मम्मी, कभी नहीं." फोन ठेवून माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "आबा, आप डरो मत, मैंने नहीं बताया." पंधरा वर्षांची पोर माझ्यासाठी आईशी खोटं बोलली, नीरजा. तू माझं सगळं गिळून गप्प राहिलीस. आता ती राहू नये, म्हणून हे लिहिलं. मी शब्द मोडला, तीन दिवस. तिला न्यायचं असेल तर ये आणि घेऊन जा, मी अडवणार नाही. परीक्षेपुरती इथे येऊन राहिलीस तर पुढची खोली झाडून ठेवली आहे. पत्र टाकतो आहे, हे मी तिला सांगितलंय. ऐकून आधी रुसली, मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ बसली. या रविवारी तिला पुन्हा विचार, ती खरं सांगेल. तिला रागावू नकोस. तिचं बोलून झालं की फोन माझ्याकडे द्यायला सांग, किंवा नको सांगूस. मी जवळच बसलेला असेन.

तुझाच,
बाबा