टोपलीत बसवून वर ओढतात, हे खरं होतं

माझ्या सावळ्या,

रामजीचं नाक ठेचलं रे! ही बातमी तुझ्याआधी कुणाला सांगू? पाटीवर गिरवून शिकलेली माझी वाकडी अक्षरं आज कामी आली.

लढाईवरून आलास तेव्हा ओट्यावर बसून काय काय सांगायचास! साहेबाच्या उंटामागं सिनाईचे डोंगर पाहून आलास. आपला तोरणा निदान पावसाळ्यात हिरवा होतो, तिथं म्हणे गवताची काडी नाही. त्या उघड्या दगडांत मठ. आत साधूंच्या कवट्या कांद्यांसारख्या रचलेल्या. हिवाळ्यात त्या वाळवंटातल्या शिखरावर बर्फ! आणि उंच भिंतीवरून दोरानं टोपली सोडतात. सामानाची टोपली, पण साहेब हौसेनं तीत बसला आणि तुम्ही त्याला वर ओढलंत.

मीही हसले होते. पण ते हसणं मायेचं. रामजीचं तसं होतं का? चुलतभाऊ आपला, भिंतीला भिंत लागून घर! त्यानंच तुला गावभर ‘टोपलीवाला’ केलं.

तेवढ्यावर थांबता तर! तुझ्या चंद्रीच्या सुपारीला मार्गासनीचे पाहुणे आले, तर हा पान चघळत त्यांना म्हणाला, “ह्यो कसली लढाई बगतोय! पलटणीतनं पळाला, पुण्यात भांडी घासत व्हता. म्या ह्या डोळ्यांनी बगितलाय.” पाहुणे उठले. पोरगी घाटाखाली दुजवराला द्यावी लागली. मग तू बोलणंच सोडलंस. का रे त्याच्या थोबाडीत दिली नाहीस? लोक म्हणतात तू तापानं गेलास. मला विचारावं त्यांनी!

गेल्या बाजाराला नसरापुरात वरवे गावचा एक जुना हवालदार भेटला. तुझ्याच पलटणीतला! काल रामजीच्या ठकीची सुपारी होती. हवालदाराला घेऊन मी थेट तिथं गेले.

हवालदार सगळ्यांसमोर बोलला, “सावळा दोर वडत व्हता, म्या त्याच्या शेजारी. सायबाची टोपी उडाली ती म्याच उचलली.”

रामजी हसला. “पलटणीची मान्सं एकमेकांच्या थापा झाकत्यात.”

मी त्याच्याच देव्हाऱ्यातली खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी आणून पुढ्यात ठेवली. “पुण्यात भांडी घासताना बगितलंस न्हवं? उचल भंडारा आन सांग.”

“अक्का, शुभकार्यात ह्ये काय काढलंस?”

“उचला की रामजीराव,” पाहुणेच म्हणाले. “दोन बोटांचं काम.”

हात वाटीपर्यंत नेला आणि धोतराला पुसत मागं घेतला. देवाची खोटी शपथ घ्यायची छाती कुठून आणणार? सुपारी तशीच टाकून पाहुणे उठले. जीव कसा गार झाला, सावळ्या!

ठकी दाराआड रडत होती. तिनं काय केलंय? तिला स्थळ मीच बघीन. तिच्या बापाला मात्र सोडायची नाही.

आज सकाळी आला. “अक्का, झालं ग्येलं इसर.”

“मला कशाला सांगतोस? घाट उतर. चंद्रीच्या सासरी समद्यांम्होरं सांग, तुजा बाप पळाला न्हवता, म्या खोटं बोललो.”

“एवढ्या लोकांत?”

“तवा काय एकांतात बोलला व्हतास?”

मान खाली घालून गेला. कुठं जाईल? तुला शब्द देते, तो घाट उतरेपर्यंत त्याच्या घरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला मी भंडारा घेऊन उभी राहीन. आणि मी आधी गेले, तर तो भंडारा चंद्रीच्या पदरात बांधून जाईन.

तुझी, अजून न निवलेली,
अक्का