ताका कुणाचा

७ ऑक्टो. ९७, मंगळ.
मुंबईच्या वकिलाची नोटीस. ज्या कंपनीच्या हिशेबाच्या पॅकेजला जोडून माझा प्रोग्रॅम चालतो, तिच्याच तर्फे. माझ्या प्रोग्रॅमचं 'ताका' हे नाव म्हणे आता त्यांचं, रजिस्टर केलंय. दिवाळीआधी काढा, नाहीतर कोर्ट. त्यांचं पॅकेज नुसते पैसे मोजायचं, कापडाच्या ताक्यांचा हिशेब त्यात मी घातला. तेव्हा "छान, करा करा" म्हणत होते. आता स्वतःच तसलं काढलंय. अरे, पण ताका! सुरतेचं अख्खं कापड मार्केट दिवसभर दुसरं बोलतं काय?

९ ऑक्टो., गुरु.
बाबांना सांगितलं. त्यांचा जन्म लूमवर गेला. म्हणाले, "मी जिंदगीभर ताका खांदावर उचलात, तवय हाई कंपनी कोठे व्हती?" सुनंदाला हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. आम्हा नवरा-बायकोचं, बाबांचं घर चालतं ते या एका प्रोग्रॅमवर.

१३ ऑक्टो., सोम.
माझे वकील म्हणतात, शब्द सगळ्यांचा आहे, केस चांगली आहे, पण मुंबईत चालेल, वर्षं जातील. आधी बाजारातल्या लोकांचं तसं लिहून आणा. तडक चिमणभाईंकडे. माझं पहिलं गिऱ्हाईक, यांनीच मला मार्केटभर नेलं. "ताका तो सबका है भाई, इसमें पूछना क्या!" मग सही? "लिखके? ना भाई. नोटिस मेरे घर आवे तो?" चहा मात्र पाजला.
बाकीच्यांकडेही तेच. चहासुद्धा.

२० ऑक्टो., सोम.
सुनंदा म्हणाली, ताक्यालाच थानही म्हणतात, तर 'थान' ठेवा. वकील म्हणाले, तेही कुणी घेतलं असेल, तपास होईपर्यंत काहीच लिहू नका. म्हणजे आपल्याच तोंडातले शब्द विचारून वापरायचे! दोघं फ्लॉप्यांवरची स्टिकरं सोलत बसलो. स्क्रीनवरचं नावही काढलं. वरची ओळ रिकामी, बघवत नाही.

धनतेरस
चिमणभाईंना नव्या वर्षाची फ्लॉपी दिली. दर दिवाळीला ती हिशेबाच्या चोपड्यांसोबत पूजेत ठेवतात, कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक काढून. ज्याची पूजा, त्यातच वर्षभर हिशेब. उलटसुलट करून पाहिली. "नाम क्यां छे?" सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि फ्लॉपी माझ्या हातात परत. "नाम वगरनी चीज पूजामां केम मूकाय? खोटुं ना लगाडता." बिननावाची वस्तू पूजेत कशी ठेवायची, वाईट वाटून घेऊ नका म्हणे.
इतकी वर्षं सुरतेत काढली आणि पूजेला कोरी फ्लॉपी घेऊन गेलो. मूर्ख मी.

लाभपाचम
दिवाळीनंतर दुकानं उघडायच्या मुहूर्ताला मार्केटमध्ये. चिमणभाईंच्या गादीवर कंपनीची फ्लॉपी. छापील 'ताका', त्यावर कुंकू. "आवो आवो" म्हणाले, पेढा दिला. खाल्ला. चीड येते, पण कुणावर काढू?
संध्याकाळी फोन. आवाज अनोळखी, नवीन गिऱ्हाईक असावं. "ताकावाळा भाई बोले छे?"
मार्केटात मला दुसरं नावच नाही. हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. तिकडून हेलो, हेलो.
आतून बाबा, "कोन शे रे?"
काय सांगू